सगळ्यात लहान माप

२ फेब्रुवारी, रविवार

कपाटाच्या वरच्या खणातून माझी कॉलेजातली जीन्स काढली आणि दार लावून चढवून पाहिली. मांडीपर्यंत आली आणि तिथेच तिनं संप पुकारला. पलंगावर आडवी झाले, श्वास कोंडला, पाय झाडले, पण बटणाचं आणि काजाचं लग्न काही लागेना. शेवटी तोल जाऊन खालीच आले. ह्यांनी दारावर टकटक केलं. "काय पडलं?" म्हणे. "मी," म्हटलं. बरं, म्हणाले आणि पेपर वाचायला गेले.

दिवसभर दाताच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. तिथे वरून जांभळा कोट घालावा लागतो. तो घातला की माणूस आहे की पडदा तेच कळत नाही. पण खाली जीन्स माझी असते. गडद निळी, सरळ पायाची, खाली दोनदा दुमडलेली, तपकिरी बूट आणि त्याच रंगाचा पट्टा. कितीही दाढ ठणकत असली तरी एखादी बाई वाकून विचारतेच, "कुठून घेतली हो?" तेवढ्यावर माझा दिवस निघतो. घरात कुणी विचारत नाही.

म्हणून आज ठरवलं. फोनवर एक पान काढायचं, 'रोजची जीन्स' या नावानं. मिरवायचे कपडे नाहीत, रोजचेच. कामावर जाताना काय घालावं, भाजी आणायला जाताना काय, थकून आलेलं असताना चार माणसांत जायची वेळ आली तर काय. फोटो गोबू काढेल. गोबू म्हणजे माझी लेक. एकोणीस वर्षांची झाली, पण लहानपणच्या गोबऱ्या गालांमुळे पडलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. गालही तसेच आहेत.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिला फोटो टाकला. पांढरा शर्ट, पुढून तेवढा खोचलेला, मागून सोडलेला, बाह्या कोपरापर्यंत. चाळीसेक जणांना आवडला. एकानं लिहिलं, "काकू, वयाचं भान ठेवा." चाळीस विसरले, तो एक दिवसभर डोक्यात.

गोबू म्हणाली, "आई, तू खरंच छान दिसतेस." पोटची पोर म्हणणारच. त्याला काय धरायचं?

२० फेब्रुवारी, गुरुवार

बाजारातल्या जीन्सच्या दुकानाच्या मालकांनी आपणहून बोलावून घेतलं. चोवीस तास गळ्यात मापाची टेप असते, म्हणून मी त्यांना मनात टेपवालेच म्हणते. त्यांच्या मुलीनं माझं पान दाखवलं म्हणे. नवीन माल आला की नमुन्याच्या जीन्स आधी माझ्याकडे देतील, मी त्या कशावर कशा घालायच्या ते दाखवायचं, खाली दुकानाचं नाव. मला तर दुधात साखर. मग टेप बोटाला गुंडाळत म्हणाले, "ताई, राग मानू नका. डोकं तुमचंच हवं. पण अंग जरा तरुण बघू. नमुने येतात ते सगळ्यात लहान मापाचे."

गोबू सोबत आली होती. दोघांनीही एकदमच तिच्याकडे पाहिलं. तिनं ट्रायल रूममध्ये एक चढवून पाहिली. चढली, पण बटण लागेना. मी पडद्याबाहेरून म्हटलं, "अगं, पोटात काय फुटबॉल लपवलायस?" टेपवाले हसले, मी हसले, काउंटरवरची मुलगी हसली. गोबूही हसली असेल, आत होती.

येताना तिला समजावलं, तुझ्या वयात ही मला सैल झाली असती. टोचून नाही बोलले. मुलांना थोडं प्रोत्साहन द्यावं लागतं.

८ मार्च, शनिवार

गोबूनं मनावर घेतलंय. चहातली साखर बंद, पाव बंद, लिफ्ट बंद. पाच मजले चढते, उतरते, पुन्हा चढते. आमच्या घरात कुणी काही मनावर घेतलेलं मी पहिल्यांदाच पाहते आहे. ह्यांनी गेल्या वीस वर्षांत एकच गोष्ट मनावर घेतली, ती म्हणजे शब्दकोडं.

तिला म्हटलं, "शाब्बास!" इतकी खूश झाली की लहानपणीसारखी येऊन चिकटली.

२३ मार्च, रविवार

लागलं! बटण लागलं! टेपवाल्यांच्या दुकानात आम्ही दोघींनी टाळी दिली. फिकट निळी जीन्स, उंच कमरेची. त्यावर मी काळा बंद गळ्याचा टीशर्ट दिला, वर राखाडी कोट, पायात पांढरे बूट. केस मागे घट्ट बांधले. गाल थोडे आत गेल्यानं चेहऱ्याला रेषा आल्यात. माझा चेहरा आहे तो, पंचवीस वर्षांपूर्वीचा. फोटो काढताना मलाच गलबलून आलं.

संध्याकाळपर्यंत आठशे जणांनी पाहिलं. "कंबर बघा", "कसली सुंदर मुलगी", "काय जीन्स बसलीय". गोबू सोफ्यावर पाय घेऊन एकेक वाचत होती. मी म्हटलं, जेवायला चल. म्हणाली, हे वाचून झालं की येते. माझं जेवण झालं, भांडी झाली, तरी वाचतच होती.

६ एप्रिल, रविवार

आता स्वयंपाकघर गोबूनं ताब्यात घेतलंय. केक काय, भरलेले पाव काय, क्रीमचं सूप काय. रविवार म्हटला की ताटंच्या ताटं. आम्हाला वाढते आणि समोर हनुवटीला हात लावून बसते. "कसं झालंय? अजून घे ना. बाबा, तुम्ही काहीच घेतलं नाही." एवढी मायाळू पोर कुणाला मिळते!

हे म्हणाले, "आणि तू?"

"मी करता करता खाल्लं."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "करणाऱ्याचं पोट वासानंच भरतं, तुम्हाला काय माहीत? तुम्ही कधी गॅस पेटवलाय?" ह्यांनी मग स्वतःच्या ताटातला केकचा अर्धा तुकडा तिच्या बशीत ठेवला. तिनं त्याचे सुरीनं इतके बारीक तुकडे केले, की मी चेष्टेनं म्हटलं, चिमण्यांना घालायचाय का? नंतर बशी उचलली तेव्हा तुकडे बहुतेक तसेच होते. असू दे. तोंड मारत बसण्यापेक्षा बरं.

१९ एप्रिल, शनिवार

नवे नमुने कमरेत ढगळ व्हायला लागलेत. सगळ्यात लहान माप आणि ढगळ! टेपवाले म्हणाले, "ताई, आता लहान मुलांच्या विभागातून द्यावी लागेल." मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, अगदी दवाखान्यातल्या डॉक्टरांनासुद्धा. ते कुणाच्या तरी दाढेत वाकले होते, "हं" म्हणाले.

पट्ट्याला दोन आठवड्यांपूर्वी खिळ्यानं नवं भोक पाडून दिलं होतं. आज आणखी एक.

एक बरं झालंय. थरांवर थर घालायची जी फॅशन आलीय ती तिला फार शोभते. आत बनियन, वर शर्ट, वर स्वेटर, वर डेनिमचं जाकीट. निळ्यावर निळं घालताना एक गडद आणि एक फिकट घ्यावं, नाहीतर माणूस गॅरेजमधून उठून आल्यासारखा दिसतो. हे मी पानावर लिहिलं, लोकांना फार पटलं. बाहेर उकडायला लागलंय आणि ही जाकीट घालून बसते, पंखाही लावू देत नाही. फॅशन म्हटली की थोडं सोसावंच लागतं.

आज मी हाक मारली तर म्हणाली, "आई, मला आता गोबू म्हणू नकोस." "मग काय म्हणू?" "काहीच नको." मोठी झाली माझी बाई.

४ मे, रविवार

वन्सं आल्या होत्या. ह्यांच्या ह्या मोठ्या बहीण पाळणाघर चालवतात, त्यामुळे जगातल्या सगळ्या मुलांचं आपल्यालाच कळतं असा त्यांचा समज. दारातच पोरीला पाहिलं आणि चप्पल काढायच्या थांबल्या. जवळ ओढलं, जाकिटाची बाही वर सरकवली, मनगट आपल्या दोन बोटांत धरलं आणि सोडलं.

मग स्वयंपाकघरात माझ्या मागोमाग आल्या. "वहिनी, हिला डॉक्टरकडे नेलंत का?"

"कशाला? ठणठणीत आहे. दिवसभर घरात फिरत असते."

"तिच्या हातावर लव आलीय बघितलीत? ओठ निळे पडलेत."

"वन्सं, थंडी वाजते तिला."

"मे महिन्यात?"

मला राग आवरेना. म्हटलं, "तुमच्या लेकीला कुठली जीन्स मिळत नाही, त्याचा राग माझ्या पोरीवर काढू नका." बोलायला नको होतं, पण खरं तेच बोलले. वन्संची मुलगी अंगानं चांगली भरलेली आहे आणि पिशव्यांसारखे कुर्ते घालते. कुणाचं चांगलं झालेलं कुणाला बघवतं?

वन्सं म्हणाल्या, "माझी लेक दोन वेळा जेवते. मला तेवढं पुरतं." चहा न घेताच गेल्या. ह्यांनी त्यांना खालपर्यंत सोडलं आणि कितीतरी वेळानं वर आले. विचारलं, काय बोलत होता एवढं? काही नाही, म्हणाले. बहीण-भाऊ मिळून माझंच काहीतरी उकरत असणार.

१८ मे, रविवार

न्हाणीघराची जाळी पुन्हा तुंबली. मूठभर केस निघाले. परीक्षेचा ताण. शाम्पू बदलला.

तिचं महिन्याच्या पॅडचं पाकीट फेब्रुवारीपासून तसंच आहे. विचारलं तर म्हणाली, कॉलेजातून घेते. असेल.

२७ मे, मंगळवार

ओट्यापाशी उभी होते. पोरीनं मागून येऊन मिठी मारली. "आई, उद्याचे फोटो चांगले येतील ना?" मी वळून तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि पटकन काढून घेतला.

का काढला ते लिहीत नाही. उद्या चार जोड आहेत, कपडे इस्त्री करायचेत.

७ जून, शनिवार

दुकानात ट्रायल रूमचा पडदा बराच वेळ हलला नाही. मी बाहेरून म्हणाले, "अगं, उजेड जाईल, आटप."  मग काहीतरी घसरत गेल्याचा आवाज. पडदा ओढला तर ती भिंतीला टेकून खाली बसलेली, डोळे अर्धे उघडे, ओठ आरशाच्या कडेवर आपटून फुटलेला. नवी कोरी काळी जीन्स, एका बाजूला लेबल लटकलेलं.

टेपवाल्यांनी तिला उचललं. एकट्या माणसानं, दुमडलेला कपडा उचलावा तशी. तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला.

इस्पितळात आत घेतल्या घेतल्या नर्सनं मोठी कात्री काढली आणि जीन्स पायापासून वर कापायला घेतली. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो थांबा, ती दुकानाची आहे!"

नर्सची कात्री थांबली. तिनं माझ्याकडे वर पाहिलं. आणि पुन्हा कापायला लागली. कुणालाही घाईत काहीही सुचतं. मी काय मुद्दाम बोलले?

पण पोरीचे डोळे उघडे होते. तिनं ऐकलं.

जीन्सच्या आत लोकरीची पॅन्ट होती. तिच्या आत आणखी एक. तीही कापली. मग पाय दिसले. मी त्या पायांना अंघोळ घातलेली आहे, नखं काढलेली आहेत, पोलिओचा डोस द्यायला काखेत मारून नेलेलं आहे. ते पाय ओळखू आले नाहीत. त्यांत गुडघे तेवढे मोठे होते.

१० जून, मंगळवार

डॉक्टरीण बाई तरुण आहे. गोबूहून फार तर दहा वर्षांनी मोठी. हृदयाचे ठोके फार मंद पडलेत, हळूहळू अन्न द्यावं लागेल, घाई केली तरी धोका. आणि हा नुसता पोटाचा आजार नाही, मनाचाही आहे, त्यासाठी वेगळ्या डॉक्टर येतील. मी म्हटलं, "पण ती खूप छान स्वयंपाक करते."

"करते. खाते का?"

"करता करता खाते."

"तुम्ही बघितलंय?"

हे खिडकीशी उभे होते. तिथूनच म्हणाले, "नाही बघितलं. दोघांनीही नाही." 'दोघांनीही' म्हणाले. एवढं तरी म्हणाले.

१५ जून, रविवार

सकाळी टेपवाल्यांचा फोन. आधी पोरीची चौकशी केली, आवाज खरोखर पडलेला होता. मग घुटमळत म्हणाले, "ताई, पानावर लोक विचारतायत. तोवर दुसरी कुणी मुलगी बघू का?"

मी म्हटलं, "बघा."

फोन ठेवला तर मागे हे उभे. लग्नाला बावीस वर्षं झाली, ह्यांचा आवाज शेजाऱ्यांनी कधी ऐकला नसेल. आज ऐकला. "तू पोरीला जीन्स घालत नव्हतीस! जीन्सला पोरगी घालत होतीस!"

मीही सोडलं नाही. म्हटलं, "आणि तुम्ही? पेपराच्या आडून सगळं दिसत होतं ना? मग फाडायचा होता तो पेपर! तेव्हा तुमच्या बहिणीशी जिन्यात कुजबुजायला वेळ होता. माझ्याशी बोलायला तोंड शिवलं होतं?"

खाली बसले. म्हणाले, "तू इतकी खूश होतीस." मग रडायला लागले. ह्यांच्या रडण्याचं काय करतात ते मला माहीत नाही. मी उठून कपाट आवरत बसले.

दुपारी पान काढून टाकलं. काढताना फोन विचारतो, नक्की काढायचं का? नक्की. पुन्हा विचारतो.

२२ जून, रविवार

सोडताना डॉक्टरीण बाईंनी पोरीला विचारलं, घरी कुणासोबत राहायला आवडेल? मला वाटलं हा काय प्रश्न झाला? बॅग मी भरलेलीच होती.

ती म्हणाली, "आत्याकडे."

माझ्याकडे बघून नाही म्हणाली. चादरीकडे बघून.

वन्संनी तिचा हात धरून गाडीत बसवलं. मला वाटलं जिंकल्यासारखा चेहरा करतील. तसा केला असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. त्या नुसतं म्हणाल्या, "वहिनी, काळजी करू नका." मला कुणी काळजी करू नका म्हटलं की माझं डोकं फिरतं. परक्या पोरांची शी-शू काढणारी बाई आता माझ्या पोरीला वाढवणार. बाळंतपण माझं, बारसं त्यांचं.

६ जुलै, रविवार

पहिल्यांदा भेटायला बोलावलं. दारातच वन्संनी हळू आवाजात सांगितलं, अंगाबद्दल बोलायचं नाही. कपड्यांबद्दल नाही. बारीक दिसतेस नाही, बरी दिसतेस हेसुद्धा नाही. जेवणाबद्दल नाही, आणि जेवताना ताटाकडे बघायचं नाही. डॉक्टरांनीच सांगितलंय, म्हणाल्या. मी म्हटलं, मग बोलायचं काय? वन्सं म्हणाल्या, बाकीचं सगळं.

खिडकीपाशी बसली होती, वन्संचा ढगळ गाऊन घालून. गळ्याशी हाडं तशीच आहेत, पण डोळ्यांत थोडं तेज आलंय. केस कापलेत. ते चांगले दिसतात म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"बरी आहेस?"

"हं."

"बाहेर फार उकडतंय."

"हं."

भिंतीवर पाळणाघरातल्या मुलांनी काढलेली चित्रं लावलीत. एका चित्रात गाय होती की कुत्रा कळेना. त्यावर थोडं बोललो. मग तेही संपलं. मला आठवेना, फेब्रुवारीच्या आधी आम्ही कशाबद्दल बोलायचो. बोलत असणारच ना? एकोणीस वर्षं एका घरात माणूस काही मुक्यानं राहत नाही.

तिनंच विचारलं, "आई, तू माझ्याएवढी असताना दिवसभर काय करायचीस?"

मी खूप आठवलं. त्या वयातले सगळे कपडे मला आठवतात. कुठल्या दिवशी काय घातलं होतं ते सांगू शकेन. त्या कपड्यांत मी काय करत होते, ते काही केल्या आठवेना. "असंच," म्हटलं, "काही ना काही."

वन्संनी ताट आणलं. भात, सूप, उकडलेलं अंडं. मी शहाण्यासारखी खिडकीकडे तोंड केलं. पण काचेत ताट दिसत होतं. मी काचेतच बघत होते, ताटाकडे नाही. पण पोर काही वेडी नाही. चमचा वर आला, अर्ध्यात थांबला, पुन्हा खाली गेला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"आत्या," ती म्हणाली. एवढंच.

वन्सं आतून आल्या, माझ्याकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं. "वहिनी, थोडा वेळ बाहेर बसता का?"

मी भांडणार होते. शब्द ओठांवर होते, तिखट, तयार. पण पोरीनं चमचा ताटाच्या कडेवर ठेवून दिला होता. उठले आणि बाहेर जिन्यात जाऊन बसले. वन्संनी दार हळूच लोटून घेतलं.

आत मग वन्सं काहीतरी बोलल्या आणि पोर हसली. किती महिन्यांनी ऐकलं मी ते! मग चमचा ताटाला लागल्याचा बारीक आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

खालून एक बाई पिशव्या घेऊन धापा टाकत वर आल्या. मला वाटेत बसलेली पाहून थांबल्या. "कुणाकडे आलात?"

"मुलगी आहे आत. जेवतेय."

"मग आत बसा की. इथे कशाला उकाड्यात?"

"नको," म्हटलं. "मी बाहेर असले की जेवते."

बाई पिशव्या सावरत माझ्या बाजूनं वर निघून गेल्या. आत चमचा वाजत होता.